पर्वरीला बदली होतेय, मुलीला घराजवळच्या सरकारी मिडल स्कूलमध्ये घालू का?

तुम्ही लिहिलंय की रत्नागिरीहून पर्वरीला येताय, मुलगी मराठी माध्यमातून चौथी पास झालीय, आणि नव्या सोसायटीतले लोक सांगतात, "त्या सरकारी शाळेत नको, तिथं सगळी बाहेरचीच मुलं असतात." मी पणजीला लागूनच असलेल्या दुसऱ्या एका उपनगरात, अशाच शाळेत 14 वर्षं गणित आणि विज्ञान शिकवतेय. माझं उत्तर आहे, घाला. कारण तीच मुलं.

लोक सांगतात ते खोटं नाही. माझ्या वर्गात गोव्याची मुलं आहेत, पण त्याहून जास्त बागलकोट, गदग, विजापूरकडची, आणि मग बिहार, ओडिशा, नेपाळ. वडील गवंडी, लादीवाले, सुतार, कोणी गॅरेजमध्ये, कोणी हॉटेलच्या किचनमध्ये. आया फ्लॅटमधली कामं करतात. पूर्वी असं नव्हतं. 1961 ला गोवा मुक्त झाल्यावर पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांच्या काळात गावोगाव सरकारी मराठी शाळा निघाल्या, तेव्हा त्यात गावचीच मुलं बसायची. पुढे घरोघरी इंग्रजीची ओढ वाढली, 2011 मध्ये इंग्रजी प्राथमिक शाळांनाही अनुदान द्यायचं ठरलं, अनुदानित शाळांच्या बालरथ बसगाड्या दारात येऊ लागल्या, आणि स्थानिक पालक तिकडे वळले. सरकारी शाळेत उरली ती ज्यांच्या घरी सकाळी सातला दोघंही कामावर निघतात त्यांची मुलं.

आता तुमच्या मुलीचं बघू. गोव्यातल्या सरकारी शाळेत चौथीपर्यंत मराठी किंवा कोकणी माध्यम असतं आणि पाचवीपासून पुस्तकं इंग्रजीत येतात. हा धक्का मोठा असतो. अंश आणि छेद पाठ असलेलं मूल न्यूमरेटर शब्दापाशी गप्प होतं. गणित येत असतं, प्रश्न काय विचारलाय ते कळत नसतं. इंग्रजी प्राथमिकमधून आलेल्या मुलांनी भरलेल्या वर्गात तुमची मुलगी या अडचणीत एकटी पडेल. आमच्या वर्गात कोणाच्याच घरी इंग्रजी नाही. म्हणून आम्ही सुरुवातच तिथून करतो. पाचवीचे पहिले तीन महिने मी फळ्यावर प्रत्येक शब्द दोनदा लिहिते, इंग्रजीत आणि खाली मराठीत, आणि कानडी मुलं त्याच्या खाली वहीत आपला शब्द लिहून घेतात. "टीचर, कळलं नाही" म्हणायला इथं कोणी लाजत नाही, कारण शेजारच्यालाही कळलेलं नसतं. दिवाळीपर्यंत तिचे मार्क पडतील. घाबरू नका, लगेच ट्युशनही लावू नका. रोज संध्याकाळी तिला त्या दिवसाचा धडा तुम्हाला मराठीत समजावून सांगू दे, मग तोच इंग्रजीत मोठ्याने वाचू दे.

एक दिवस सांगते, म्हणजे वर्ग कसा असतो ते कळेल. क्षेत्रफळ चाललं होतं. 12 बाय 10 फुटांची खोली, 2 बाय 2 च्या लाद्या किती लागतील? वर्गाने 30 उत्तर काढलं. मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला, म्हणाला, "टीचर, 33 आणायच्या. दारापाशी कापावी लागते, कापताना फुटते." त्याचे वडील लादी बसवतात, सुट्टीत तो सोबत जातो. त्या दिवशी दहा टक्के म्हणजे काय हे मला शिकवावंच लागलं नाही.

आणि मराठीचं सांगते. हिंदी घरातली मुलं "शाला" म्हणतात, कितीही सांगा. कानडीत ळ आहे, त्यामुळे बागलकोटची मुलं खणखणीत "शाळा" म्हणतात आणि बिहारच्या मुलांना जीभ मागे कशी वळवायची ते दाखवतात. हे मी अजून दरवर्षी थांबून बघते.

सगळं गोड आहे असं नाही. बाहेरून आलेल्यांना हिणवणारा "घाटी" हा शब्द मैदानावर ऐकू येतो, तो मुलं मोठ्यांकडून उचलतात. मी दर वेळी खेळ थांबवते आणि दोघांशी बोलते, तेवढ्याने तो जात नाही. गावची जत्रा आली की चार मुलं पंधरा दिवस गायब असतात, भाड्याची खोली बदलली की मूल मध्येच शाळाही बदलतं. त्यामुळे धडे परत परत घ्यावे लागतात, तुमची मुलगी कधी कधी कंटाळेल. शिक्षकांना निवडणुकीच्या ड्युट्या लागतात. गायन, चित्रकला, पीटीचे शिक्षक पूर्ण वेळ मिळतीलच असं नाही.

प्रवेशाआधी स्वतः शाळेत जा, मधल्या सुट्टीत. स्वयंसहाय्य गटाकडून येणारी पाव-भाजी मुलं कशी खातात, शिक्षक जवळ असतात का, मुलींच्या संडासात पाणी आहे का, हे बघा. मराठी विषयाला कायमचे शिक्षक आहेत का विचारा. सहावी ते आठवीला कोडिंग-रोबोटिक्सची सरकारी योजना आहे, तर कॉम्प्युटर खरंच चालू आहेत का तेही बघा. आणि शाळा सातवीला संपते की आठवीला ते आधीच विचारा, पुढे हायस्कूलसाठी शाळा बदलावीच लागेल. आठवीपर्यंत फी नाही.

कागदांची काळजी करू नका. रत्नागिरीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला तरी शिक्षण हक्क कायद्याने त्यासाठी प्रवेश अडवता येत नाही, जन्मदाखला हाताशी नसला तरी नाही. हे मुद्दाम सांगतेय, कारण पूर्वी एका शाळेत दाखल्यासाठी एका मुलाला तीन आठवडे परत पाठवलेलं मी पाहिलंय. तेव्हा मी नवीन होते, गप्प बसले. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

एक विनंती. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात, आणि निम्म्या बायका. आमच्याकडे सभेला येणाऱ्या आया अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवून येतात, दारापाशी उभ्या राहतात, अर्ज लिहायला कोणी सापडत नाही. तुम्हाला लिहिता येतं, बोलता येतं. प्रवेश घ्याल तेव्हाच समितीची पुढची सभा कधी आहे ते विचारून या.