लिव्हर चांगलं असताना मोठ्या आतड्यातल्या शिरा का फुगतात?

तुम्ही लिहिलंय की वडील दारूला शिवत नाहीत, लिव्हरचे रिपोर्ट नॉर्मल आहेत, तरी कोलोनोस्कोपीत, म्हणजे दुर्बिणीच्या तपासणीत, मोठ्या आतड्यातल्या शिरा फुगलेल्या निघाल्या. आणि नातेवाईक म्हणतात, चोरून पीत असतील. आधी हा संशय मनातून काढून टाका. मी लातूरला पोटविकाराचे पेशंट तपासतो. सिरोसिस, म्हणजे दारूनं किंवा इतर आजारानं लिव्हर कडक होणं, हे नेहमीचं कारण, पण एकमेव नाही.

आतड्यांचं रक्त पोर्टल व्हेन नावाच्या मोठ्या शिरेतून लिव्हरकडे जातं. वाटेत कुठंही अडलं की मागं तुंबतं. लिव्हर धडधाकट असेल तर मी आधी या शिरेतली गुठळी शोधतो. तान्हेपणी बेंबी पिकली, तरी ही शीर बंद पडू शकते आणि ते कळतं कित्येक वर्षांनी, प्लीहा वाढल्यावर किंवा रक्त गेल्यावर. म्हणून ऊसतोडीच्या कोपीत जन्मलेल्या पेशंटच्या आईला मी हे आवर्जून विचारतो. बऱ्याच जणींना आठवतं.

वडिलांना कधी स्वादुपिंडाला सूज आली होती का? प्लीहेची शीर स्वादुपिंडाला चिकटूनच जाते, सुजेनं तिच्यात गुठळी होते. हे कारण निघालं तर मला हायसं वाटतं, कारण प्लीहा काढली की बहुधा दाब उतरतो. टीबीनं हृदयाभोवतीचं आवरण कडक झालं, तरी रक्त मागं तुंबतं. मानेच्या शिरा ठसठशीत दिसत असतील, पाय सुजत असतील तर एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, कराच. जुन्या ऑपरेशननंतर चिकटलेलं आतडं हेही एक कारण. क्वचित काहीच सापडत नाही, आणि कधीकधी घरातल्या दुसऱ्या कुणालातरीही तेच निघतं.

स्क्रीनवर या शिरा निळसर, नागमोडी दिसतात. आतड्यात हवा जास्त भरली की चपट्या होऊन नजरेतून सुटतात, हवा काढली की पुन्हा टरारतात. गाठ समजून तुकडा घेतला तर रक्त थांबवणं अवघड जातं. म्हणून पुन्हा दुर्बीण करायची झाली तर जुना रिपोर्ट आधी दाखवा. आणि कळकळीनं सांगतो, बसस्टँडजवळच्या 'मूळव्याध-भगंदर' पाटीवाल्याकडून सुई टोचून घेऊ नका.

डॉक्टरांना पोर्टल व्हेनची डॉपलर सोनोग्राफी आणि पोटातल्या शिरांच्या सीटी स्कॅनबद्दल विचारा. त्यांना न विचारता अंगदुखीच्या गोळ्या देऊ नका. शौचावाटे रक्त जाऊन चक्कर आली तर सकाळची वाट न बघता रक्तपेढी असलेल्या दवाखान्यात न्या, सगळे रिपोर्ट सोबत ठेवा.