बी मेसॉनचा आरसा खोटा का?

प्रश्न : प्रतिकण म्हणजे कणाचं आरशातलं प्रतिबिंब, असं शिकलो. मग ‘सीपी भंग’ होतो म्हणजे नेमकं काय मोडतं? – एक वाचक, सांगली

उत्तर : ते शिकवलेलं वाक्यच मोडतं! ‘सीपी’ म्हणजे कणाचा भार उलटवून त्याला आरशात पाहणं; तरीही कण-प्रतिकण सारखे वागले नाहीत, तर तो भंग. विद्युतभार नसलेला बी मेसॉन हा अल्पायुषी कण जेमतेम दीड पिकोसेकंद (सेकंदाच्या लाख कोटीव्या भागाच्या दीडपट) जगतो. लाखात साधारण दोनदा तो फुटून धन केऑन आणि ऋण पायॉन हे हलके कण देतो. प्रति-बी उलट भारांची जोडी देतो. आरसा खरा असता, तर दोन्हींची मोजणी ५०-५० भरली असती. भरते साधारण ५४-४६. जपानमधल्या त्सुकुबातल्या ‘बेल’ आणि कॅलिफोर्नियातल्या ‘बाबार’ प्रयोगांत हे २००४ मध्ये दिसलं.

बेलमध्ये मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेचा गट होता. मीही तिथे रात्रपाळ्या केल्या. खरी डोकेदुखी केऑन-पायॉन वेगळे ओळखण्याची. त्यासाठी एरोजेल या अतिहलक्या पदार्थाचे ठोकळे, गोठवलेल्या धुरासारखे. ठराविक वेगात पायॉन त्यातून जाताना निळसर उजेड पाडतो, जड केऑन अंधारातच निघून जातो.

५४-४६ चं कारण? फुटायच्या वाटा दोन. एक सरळ, दुसरी टॉप क्वार्क हा जड मूलकण क्षणभर उसना घेणारी, तिचं नाव ‘पेंग्विन’. (१९७७ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ जॉन एलिस डार्ट्सची पैज हरले, म्हणून हा शब्द निबंधात घुसवावा लागला!) या दोन्ही वाटा लाटांसारख्या एकमेकींत मिसळतात. त्यांच्यातल्या कलांतराचा, म्हणजे एक लाट दुसरीच्या किती पुढे-मागे आहे त्याचा, एक हिस्सा प्रतिकणात उलटा होतो, दुसरा तसाच राहतो. म्हणून बेरीज बदलते.

भारित बी मेसॉनमध्येही जवळपास हाच फरक अपेक्षित होता. तिथे मात्र तो उलट्या दिशेने झुकतो. ते कोडं अजून सुटलेलं नाही.