मेडिकल ट्रान्सक्रिप्शन आज शिकावे का?

जीवशास्त्राची पदवी हाती असताना सहा महिन्यांचा मेडिकल ट्रान्सक्रिप्शनचा अभ्यासक्रम करावा का आणि त्यावर पुढची वीस वर्षे निघतील का, असे आपण विचारले आहे. या कामात माझी सतरा वर्षे गेली आहेत, त्यामुळे स्पष्टच सांगतो: फूट पेडलने ध्वनिमुद्रण चालू-बंद करत डॉक्टरांचे डिक्टेशन ऐकायचे आणि टंकलेखन करायचे, एवढ्याच भरवशावर या क्षेत्रात येऊ नका.

आपल्याकडे हे काम बहुतेक अमेरिकेतून येते, आणि तिथे 2009 च्या हायटेक कायद्याने इलेक्ट्रॉनिक नोंदींना प्रोत्साहन दिले आणि डॉक्टर स्वतःच साच्यांमध्ये माहिती भरू लागले. पाठोपाठ आवाज ओळखणारी सॉफ्टवेअर सुधारत गेली, आणि आता तर डॉक्टर व रुग्ण यांचे संभाषण ऐकून टिपणाचा मसुदा थेट तयार करणारी साधने आली आहेत.

उरले आहे ते संपादनाचे काम, आणि ते टंकलेखनापेक्षा अवघड आहे, कारण यंत्राचा मजकूर दिसायला स्वच्छ असतो आणि नजर त्यावरून सहज घसरते. डॉक्टर ‘डिस्फेजिया’ म्हणतात, म्हणजे गिळण्यास त्रास; मसुद्यात ‘डिस्फेझिया’ उमटते, म्हणजे भाषेचा दोष. दोन्ही शब्द खरे असल्यामुळे स्पेलचेक गप्प बसतो. पुढच्या ओळीत अन्ननलिकेची एंडोस्कोपी सुचवली आहे हे ज्याच्या लक्षात येते, तोच चूक पकडतो. पहिल्या वर्षी मी एका औषधाची मात्रा 15 ऐवजी 50 लिहिली होती. ऐकू नीट आले नव्हते, तरी ब्लँक, म्हणजे रिकामी जागा, सोडण्यात कमीपणा वाटला. क्यूएच्या, म्हणजे गुणवत्ता तपासणीच्या, ताईंनी ती फाइल तीनदा ऐकून चूक काढली. तेव्हापासून शंका असेल तिथे ब्लँक सोडतो आणि कारण लिहून फाइल वर पाठवतो. नव्या माणसाने पहिल्या दिवसापासून हीच सवय लावून घ्यावी.

पैशाचा हिशेब बहुधा ओळीवर होतो. शब्दांमधल्या मोकळ्या जागा धरून 65 अक्षरांची एक ओळ हे प्रचलित माप आहे. संपादनाच्या ओळीला टंकलेखनापेक्षा बराच कमी दर मिळतो, म्हणून वेग वाढूनही महिन्याची कमाई त्या प्रमाणात वाढत नाही. हे आधीच विचारून घ्यावे.

तरीही हे शिक्षण वाया जात नाही. शरीररचना, औषधांची नावे आणि अहवालाची मांडणी एकदा अंगवळणी पडली की क्यूए किंवा मेडिकल कोडिंगकडे, म्हणजे निदान आणि उपचारांना ठरावीक कोड देण्याच्या कामाकडे, वळता येते. आपली पदवी पाहता मी कोडिंगला झुकते माप देईन. तेथेही सोपी प्रकरणे यंत्राकडे जात आहेत, मात्र गुंतागुंतीच्या शस्त्रक्रियेचा अहवाल वाचून निदानाचा योग्य आयसीडी-10 कोड आणि शस्त्रक्रियेचा योग्य सीपीटी कोड ठरवणाऱ्या माणसाची गरज आजही आहे.

फी भरण्यापूर्वी संस्थेला एवढे जरूर विचारा: वेगवेगळ्या उच्चारांच्या डॉक्टरांची खरी, रुग्णाची ओळख पुसलेली डिक्टेशने किती तास ऐकवणार, आणि यंत्राचा मसुदा दुरुस्त करण्याचा सराव त्यात आहे का? दोन्हींचे उत्तर गुळमुळीत आले तर तिथे प्रवेश घेऊ नका.