वाचकांचे प्रश्न : एमजीबीचा गिअरबॉक्स उघडण्यापूर्वी आणि उघडल्यावर

प्रश्न : नोकरीनिमित्त मी इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्री येथे राहतो. माझ्याकडे १९७१ सालची, ओव्हरड्राइव्ह (वेगात इंजिनाचे फेरे कमी ठेवणारा, गिअरबॉक्सच्या मागचा जोड) असलेली एमजीबी जीटी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार आहे. तिसऱ्या गिअरवरून दुसऱ्यावर येताना दात घासल्याचा आवाज येतो. शिवाय गाडी न्यूट्रलमध्ये उभी असताना घरघर ऐकू येते आणि क्लच दाबला की ती थांबते. बाजारात तयार ‘रीबिल्ड किट’ मिळते. ते आणून घरच्या घरी बसवले तर काम होईल का?

उत्तर : काम होऊ शकेल, परंतु किट मागवण्याची घाई करू नये. या गाडीत गिअरबॉक्स एकटा खालून निघत नाही. सर्वसाधारणपणे इंजिनासकट तो हॉइस्टने उचलून बॉनेटच्या बाजूने बाहेर काढावा लागतो. एवढा खटाटोप करण्याआधी दोष खरोखर गिअरबॉक्सचाच आहे याची खात्री करून घ्यावी. इंजिन चालू ठेवून क्लच पूर्ण दाबावा, पाच-सहा सेकंद थांबावे आणि मग रिव्हर्स टाकावा. रिव्हर्सला सिंक्रोनायझर (गिअर पडण्याआधी दोन्ही भागांचा वेग सारखा करणारी रचना) नसतो, त्यामुळे थांबूनही दात घासले तर क्लच पुरता सुटत नाही असे समजावे. अशा वेळी हायड्रॉलिकमधील हवा काढणे किंवा स्लेव्ह सिलिंडर (क्लच प्रत्यक्ष ढकलणारा हायड्रॉलिक सिलिंडर) दुरुस्त करणे एवढ्यावरही भागते. रिव्हर्स निमूटपणे पडला आणि तक्रार फक्त दुसऱ्या गिअरची उरली, तर दोष आतला आहे.

घरघरीबाबत आपण दिलेली माहिती मोलाची आहे. क्लच सोडलेला असताना इंजिनाकडून येणारा पहिला शाफ्ट आणि त्याच्याशी कायम जुळलेला, खालच्या बाजूचा लेगिअर (एकसंध गिअरांचा गट) हे दोन्ही न्यूट्रलमध्येही फिरत राहतात. क्लच दाबला की ते थांबतात. म्हणून संशय पहिल्या शाफ्टच्या बेअरिंगवर किंवा लेगिअरच्या आतल्या नीडल बेअरिंगवर (सुईसारख्या बारीक रोलरच्या बेअरिंगवर) जातो. आता गाडी चालवून पाहावी. चौथ्या गिअरमध्ये शक्ती सरळ आरपार जाते आणि लेगिअरवर भार नसतो. पहिल्या तीन गिअरमध्ये आवाज मोठा आणि चौथ्यात जवळजवळ नाही, असे असेल तर लेशाफ्ट, म्हणजे लेगिअर ज्यावर फिरतो तो दांडा, गेला आहे असे धरून चालावे. याउलट, क्लच दाबल्यावरच आवाज सुरू होत असता तर तो रिलीज बेअरिंगचा (क्लच सोडवण्यासाठी त्यावर दाबले जाणारे बेअरिंग) मानला असता. एमजीबीत ते ग्रॅफाइटचे असते आणि पेडलवर पाय ठेवून गाडी चालवण्याची सवय असलेल्यांच्या हातात ते लवकर झिजते.

आता किटबद्दल. त्यात सहसा बेअरिंगे, ऑइल सील, पॅकिंगे आणि सिंक्रोनायझरच्या रिंगा असतात. या सर्व वस्तू बदलायच्याच असतात. परंतु गिअरबॉक्सचे आयुष्य ज्या भागांवर अवलंबून असते, म्हणजे लेगिअर, दुसरा गिअर आणि सिंक्रोनायझरचे हब, ते त्यात नसतात. लेशाफ्टही असतोच असे नाही. नवे सामान जुन्या, झिजलेल्या पृष्ठभागावर चढवले तर पहिले काही महिने सारे सुरळीत वाटते आणि पुन्हा तेच दुखणे सुरू होते. आधी उघडावे, धुवावे, मोजावे आणि मगच यादी करावी, असा माझा आग्रह आहे.

लेशाफ्ट बाहेर काढून स्वच्छ पुसावा आणि उजेडात हळूहळू फिरवून पाहावा. नीडल जिथे फिरतात त्या पट्ट्यात वरचा कठीण थर सोलल्यासारखे बारीक खड्डे दिसतील. बोटाने कळत नसेल तर नखाचे टोक ओढावे. नख अडले की शाफ्ट टाकून द्यावा. तेवढ्यावर मात्र थांबू नये. लेगिअरच्या पोटातली, बेअरिंग बसते ती जागाही तशीच तपासावी, कारण तिथे ओरखडे असतील तर नवा शाफ्टही खराब होतो. सुटलेली पोलादी कपची तेलाबरोबर सगळीकडे हिंडते, म्हणून बाकीची बेअरिंगे वरून चांगली दिसली तरी ठेवू नयेत.

दुसरा गिअरच आधी का कुरकुरतो, याला कारण आहे. या गिअरबॉक्सची गुणोत्तरे अनुक्रमे ३.४४, २.१७, १.३८ आणि १ अशी आहेत. तिसऱ्यावरून दुसऱ्यावर येताना आतल्या भागांचा वेग क्षणात दीडपटीहून अधिक वाढवावा लागतो आणि पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना जवळजवळ तेवढाच उतरवावा लागतो. हा सारा भार दुसऱ्या गिअरच्या पितळी रिंगवर पडतो. रिंगच्या आतल्या बारीक आट्या गिअरच्या शंकूवरचे तेल खरवडून त्याला पकडतात आणि दोहोंचा वेग सारखा होईपर्यंत स्लीव्हला (गिअर जोडणाऱ्या सरकत्या कड्याला) अडवून धरतात. आट्या झिजल्या की रिंग शंकूवर अधिक आत सरकते. तपासण्याची रीत सोपी आहे : रिंग शंकूवर दाबून किंचित फिरवावी आणि रिंगचे दात व गिअरचे दात यांमधली फट फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) मोजावी. नवी रिंग त्याच शंकूवर ठेवून पुन्हा मोजावे. नव्या रिंगेनेही फट पुरेशी वाढत नसेल तर शंकूच झिजला आहे आणि गिअर बदलण्यावाचून गत्यंतर नाही. स्लीव्ह ज्यांत अडकते त्या दातांची टोके बोथट झाली असतील तरी तोच निर्णय घ्यावा. गिअर निसटण्याची तक्रार पुष्कळदा तिथूनच सुरू होते.

जुळणी करताना लेगिअर आधी केसिंगच्या तळाशी उतरवून ठेवतात, मुख्य शाफ्ट जागेवर बसवतात आणि मग लेगिअर उचलून त्यातून लेशाफ्ट सरकवतात. त्यासाठी लेशाफ्टच्याच जाडीचा पण आखूड असा तात्पुरता दांडा लेथवर करून घ्यावा, म्हणजे बेअरिंगे घसरत नाहीत. लेगिअरचा पुढे-मागे होणारा प्ले इंचाच्या दोन ते तीन हजारांशांएवढाच ठेवायचा असतो आणि तो वेगवेगळ्या जाडीच्या थ्रस्ट वॉशरनी (टोकाशी बसणाऱ्या चकत्यांनी) साधतात. जुना वॉशर ‘बरा दिसतो’ म्हणून परत घालणे हा या कामातला सर्वांत महागडा काटकसरीपणा होय. पाने मिलीमीटरचे नकोत. या गाडीचे नट-बोल्ट इंचाच्या मापाचे आहेत.

घरी करण्याबाबत म्हणाल, तर चिकाटी आणि स्वच्छ टेबल असेल तर जरूर करावे. बेअरिंगे उपसण्या-बसवण्यासाठी मात्र प्रेस असलेल्या वर्कशॉपची मदत घ्यावी. हातोड्याने ठोकलेले बेअरिंग पहिल्या दिवसापासून आवाज करते.

प्रश्न : गिअरबॉक्स आहे म्हणून त्यात गिअर ऑइलच घालावे, असे आमचे मिस्त्री म्हणतात. हे योग्य आहे का?

उत्तर : मागच्या अ‍ॅक्सलसाठी योग्य आहे, एमजीबीच्या गिअरबॉक्ससाठी नाही. कारखान्याने या गिअरबॉक्ससाठी इंजिन ऑइलच सांगितले आहे आणि साधे २० डब्ल्यू ५० वापरावे. अ‍ॅक्सलच्या जीएल-५ प्रतीच्या गिअर ऑइलमधील गंधकयुक्त रसायने पितळी रिंगांना मारक ठरू शकतात. शिवाय रिंगला शंकू पकडण्यासाठी जे घर्षण लागते तेच असे तेल कमी करते. ओव्हरड्राइव्ह असेल तर त्यालाही हेच तेल मिळते, म्हणून ‘घर्षण कमी करणारी’ कोणतीही बाटली त्यात ओतू नये.

प्रश्न : एमजीबी आणि आपली अ‍ॅम्बॅसेडर यांचे इंजिन एकाच घराण्यातले आहे असे वाचले. मग पुण्याहून अ‍ॅम्बॅसेडरच्या गिअरबॉक्सचे सामान नेता येईल का?

उत्तर : इंजिनांचे नाते खरे आहे. दोन्ही बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) या कंपनीच्या बी-सीरिज या इंजिन-मालिकेतली. अ‍ॅम्बॅसेडरचे १४८९ सीसी, एमजीबीचे १७९८ सीसी. परंतु १९६७ च्या अखेरीस एमजीबीला चारही पुढच्या गिअरना सिंक्रोनायझर असलेला वेगळाच गिअरबॉक्स मिळाला. त्याआधीच्या गाड्यांत पहिला गिअर सिंक्रोनायझरशिवाय होता. नंतरच्या गाडीसाठी अ‍ॅम्बॅसेडरचे सामान नेण्यात अर्थ नाही. पाच लाखांहून अधिक एमजीबी तयार झाल्या असल्याने ब्रिटनमध्ये सुट्या भागांची टंचाईही नाही.

प्रश्न : गिअरबॉक्स दुरुस्त करताना ओव्हरड्राइव्हही उघडावा का?

उत्तर : तो नीट चालत असेल तर पुरता उघडू नये, मात्र साफ अवश्य करावा. लेशाफ्टची पोलादी भुकटी आणि रिंगांची पितळी धूळ शेवटी ओव्हरड्राइव्हच्या खालच्या जाळीत येऊन साचते. तळाची प्लेट काढून जाळी धुवावी आणि प्लेटची पॅकिंग नवी घालावी. परत जोडताना मुख्य शाफ्टच्या खाचा आत दोन ठिकाणी जुळाव्या लागतात. म्हणून गिअरबॉक्स व ओव्हरड्राइव्ह उभे धरून शाफ्ट हाताने हलकेच फिरवत राहावे. खाचा जुळल्या की दोन्ही भाग आपल्याच वजनाने एकमेकांत बसतात. ते बसत नसताना नट आवळून ओढून घेतल्यास आतील भाग तुटतात. इन्हिबिटर स्विचही (नको त्या गिअरमध्ये ओव्हरड्राइव्ह लागू न देणारा) त्याच वेळी तपासावा, कारण ओव्हरड्राइव्ह गुंतलेला असताना गाडी मागे घेतली तर त्याचा एकदिशा क्लच मोडतो.