दात पडला, नवा येईना: पालकांचे प्रश्न

या वेळचे बरेचसे प्रश्न एकाच चिंतेचे आहेत, पक्का दात वेळेवर आला नाही, आता थांबायचं की काहीतरी करून घ्यायचं. त्यातले चार घेतोय.

प्रश्न: मुलगी पावणेसात वर्षांची, अजून एकही दात हलत नाहीये. वर्गातल्या सगळ्यांचे दोन-दोन चार-चार पडून झालेत, ती घरी येऊन रडते. एक्स-रे काढू का? (इंदिरानगर)

ताई, आत्ता नको. खालचे पुढचे दोन दात साधारण सहा ते सात वर्षांत बदलतात, पण त्यात सहाएक महिने इकडेतिकडे होणं अगदी नॉर्मल. तिचा पहिला दुधाचा दात कधी आलेला ते आठवा, वर्ष उलटून गेल्यावर आला असेल तर पक्केही उशिराच येणार. सासरी-माहेरी पण विचारून बघा, हे घराण्यात चालतं.

आणि टॉर्च घेऊन एकदा अगदी मागे बघा. सहाव्या वर्षाची दाढ दुधाचा एकही दात न पाडता त्यांच्या मागे गुपचूप येते, त्यामुळे घरच्यांना ती दुधाचीच वाटते आणि किडली की "पडणारच आहे" म्हणून सोडून देतात. ती पडणारी नाही हो, ती आयुष्यभराची दाढ आहे! ती दिसत असेल तर बदलायला सुरुवात झालीच म्हणायची. आठ वर्षं पूर्ण होईपर्यंत काहीच हललं नाही तर मग एक ओपीजी, म्हणजे दोन्ही जबड्यांचा मिळून एक मोठा एक्स-रे, काढू.

प्रश्न: मुलगा साडेआठ वर्षांचा. वरचा उजवा पुढचा दात येऊन वर्ष झालं, डावा आलाच नाही, उलट त्याच्या बाजूचा आला. एक डॉक्टर म्हणतात थांबा येईल, दुसरे म्हणतात ऑपरेशन. कोणाचं ऐकू? (सिडको)

दोघांचंही ऐकायच्या आधी एक्स-रे बघू द्या की! तुमच्या पत्रात तो काढल्याचा उल्लेखच नाहीये, आणि त्याशिवाय "थांबा" पण अंदाज आणि "ऑपरेशन" पण अंदाजच.

पण इथे नुसतं थांबू नका, हे मी तुमच्या मजकुरावरूनच सांगतो. वयापेक्षा मी दोन गोष्टी बघतो, एक म्हणजे डावी-उजवी जोडी आणि दुसरा क्रम. जोडीतला एक येऊन सहा महिने झाले आणि दुसऱ्याचा पत्ता नाही तर कारण शोधायचं. आणि मधल्याच्या आधी बाजूचा आला म्हणजे क्रम पण चुकलाय, तुमच्याकडे दोन्ही झालंय.

कारणं ठरावीक असतात. एक म्हणजे वाटेत अडकलेला जादा दात, हा वरच्या पुढच्या दातांच्या मध्ये बऱ्यापैकी दिसतो. दुसरं, लहानपणी तोंडावर पडला असेल, दुधाचा दात आत घुसला असेल तर वरच्या कोवळ्या दाताला मार बसून मूळ वाकडं होऊ शकतं, म्हणून दोन-तीन वर्षांचा असताना पडला होता का ते डॉक्टरांना आठवून सांगा. कधी दुधाचा दात किडून फार लवकर काढलेला असतो, मग वरची हिरडी जाड होते आणि दात तिथेच अडतो. आणि कधी तो दात मुळात तयारच झालेला नसतो.

जादा दात निघाला तर तो काढायचा, पुरेशी जागा असेल तर आतला दात बरेचदा आपोआप खाली येतो, पण त्याला महिने लागतात, कधी वर्षाच्या वर. मूळ अजून पूर्ण झालेलं नसतं तोवर त्याच्यात खाली यायचा स्वतःचा जोर असतो म्हणून हे वय चांगलं, अकरा-बाराव्या वर्षापर्यंत ढकलत बसलात तर दोन्हीकडचे दात कलंडून जागा खाऊन टाकतात आणि मग आधी जागा करा, मग दात उघडा करून त्याला चेन लावून ओढा, असं लांबतं. डॉक्टरांना सरळ विचारा: मूळ किती झालंय, जागा पुरेशी आहे का, आणि जादा दात काढताना चेन पण लावून घ्यायची का म्हणजे परत भूल द्यायला नको. मतं जुळतच नसतील तर नाशिकमध्ये पंचवटीत केबीएच डेंटल कॉलेज आहे, तिथे लहान मुलांचे आणि तारांचे असे दोन्ही डॉक्टर एका जागी भेटतील.

प्रश्न: मुलगी १३ वर्षांची, खालची एक दुधाची दाढ पडलीच नाही. ओपीजीत खाली पक्का दातच नाही म्हणे. काढून इम्प्लांट करा असं सुचवलंय. (निफाड)

तेराव्या वर्षी इम्प्लांट नाही, यात मला शंका नाही. जबडा अजून वाढतोय, बाकीचे दात त्याच्याबरोबर वर सरकतात आणि इम्प्लांट मात्र हाडात जिथे बसवलं तिथेच राहतं, पाच वर्षांनी ते खड्ड्यात गेल्यासारखं दिसेल. मुलींमध्ये वाढ पूर्ण झाल्याशिवाय, म्हणजे सतरा-अठराच्या आधी, तो विषयच नको, मुलांमध्ये अजून उशिरा.

दाढ किडलेली नाही, मूळ शाबूत आहे, शेजारच्यांच्या लेव्हलला आहे? मग ती ठेवा. अशा दाढा तिशी-चाळिशीपर्यंत टिकलेल्या असतात. खाली बसत चालली असेल किंवा दातांची गर्दी असेल तर काढून तारांनी जागा बंद करणं हा पण चांगला मार्ग, पण तो निर्णय ऑर्थोडॉन्टिस्टला, म्हणजे तारांच्या डॉक्टरांना, सगळं तोंड बघून घेऊ द्या.

प्रश्न: नातू अकरा वर्षांचा. वरचा सुळा आला नाही, तर डॉक्टर दुधाचा चांगला घट्ट सुळा काढायचा म्हणतात. तुम्ही तर चांगला दुधाचा दात ठेवा म्हणता, मग हा का काढायचा? कॅल्शियम देऊन बघू का? (नाशिकरोड)

आजी, ठेवा म्हटलं त्या वरच्या प्रश्नातल्या मुलीच्या दाढेखाली दातच नाहीये, तुमच्या नातवाचा सुळा आत आहे पण बहुतेक वाट चुकून टाळूकडे चाललाय. दहा ते तेराच्या दरम्यान दुधाचा सुळा काढून वाट मोकळी केली तर पुष्कळदा पक्का स्वतःच वळून येतो. काढल्यावर सहाएक महिन्यांनी परत एक्स-रे काढायचा, फरक पडला नसेल तर मग पुढचं बघायचं. नाहीच काढला तर तो आतला सुळा शेजारच्या चांगल्या दाताचं मूळ झिजवू शकतो, आणि ते दुखत नाही म्हणून कळत पण नाही. काढण्याआधी आतला सुळा नक्की कुठे आहे ते मात्र एक्स-रेत दाखवायला सांगा.

कॅल्शियमने अडकलेला दात खाली येत नाही. सगळेच दात उशिरा येत असतील, उंची पण वाढत नसेल तर बालरोगतज्ज्ञांकडून थायरॉइड आणि व्हिटॅमिन डी तपासून घ्या, एकाच दातासाठी टॉनिकवर पैसे घालू नका.