गॅरेजचा कट्टा : तापणारी, अडणारी आणि थरथरणारी हॉट रॉड

मागच्या अंकात जुन्या गाड्यांबद्दल लिहा म्हटलं तर अमेरिकेतल्या वाचकांचे हॉट रॉडवर ढीगभर प्रश्न आले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी एका वाक्यात, 1932 ची फोर्ड किंवा तशी जुनी बॉडी घ्यायची, नको ते पत्रे काढून टाकायचे, दणकट व्ही-एट (आठ सिलेंडरचं) इंजिन बसवायचं आणि पळवायची, कॅलिफोर्नियातल्या पोरांनी कोरड्या तळ्यांवर हे युद्धाच्या आधीपासून सुरू केलं. खरी अडचण अशी की चॅसी (सांगाडा) एकाची, इंजिन दुसऱ्याचं आणि ब्रेक तिसऱ्याचे, त्यामुळे कंपनीचं पुस्तक उपयोगाचं नाही, लक्षणावरूनच माग काढावा लागतो.

प्रश्न : माझ्याकडे '32 फोर्डची फायबरग्लास बॉडी आणि शेवीचं (शेव्हरोलेचं) 350 इंजिन आहे. फ्रीवेवर तापमानाचा काटा 180 वर शांत असतो, पण ऑगस्टमध्ये वुडवर्ड ड्रीम क्रूझला (जुन्या गाड्यांची मिरवणूक) रांगेत रांगत गेलो की 215 फॅरनहाइट. मोठा रेडिएटर घेऊ का? — ट्रॉय, मिशिगन

अहो थांबा, आधी पाकीट खिशात ठेवा. उत्तर तुम्हीच दिलंय की! फ्रीवेवर थंड म्हणजे रेडिएटर पुरेसा आहे आणि पाणीही नीट फिरतंय, हळू चालताना तापते म्हणजे हवा कमी पडतेय. (उलटं असतं, म्हणजे पळवल्यावर तापली असती, तर मी रेडिएटर चोंदलाय का आणि खालचा होज पंपाच्या ओढीने चपटा होतोय का ते बघायला सांगितलं असतं.) '32 ची ग्रिल उंच आणि अरुंद, त्यात शेवीच्या इंजिनवरचा फॅन बसतो खाली, मग तो रेडिएटरचा खालचा भागच ओढतो आणि वरचा अर्धा नुसता शोभेला. श्राउड, म्हणजे फॅनभोवतीचं आवरण, आहे का? नसेल तर आधी तेच बसवा, पात्यांची रुंदी साधारण निम्मी श्राउडच्या आत आणि निम्मी बाहेर राहील असं. इलेक्ट्रिक फॅन असेल तर कागद धरून बघा हवा इंजिनकडे येतेय ना, वायरी उलट्या लागून उलटा फिरणारा फॅन फार कॉमन आहे, हसू नका.

मग टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ. आयडलला (उभ्या गाडीत इंजिन चालू असताना) ठिणगी 10-12 अंश आधी आणि 3000 आरपीएमच्या आसपास एकूण 34-36 हे या इंजिनला चालतं, टायमिंग मागे राहिलं तर जाळ एक्झॉस्टकडे उशिरापर्यंत जळत राहतो आणि ती सगळी उष्णता पाण्यात उतरते. व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्सची (हलक्या चालीत ठिणगी आणखी आधी पाडणाऱ्या यंत्रणेची) नळी कोणीतरी बंद करून ठेवली असेल तर परत जोडा, रेसवाल्यांचं ऐकून लोक ती काढतात, रस्त्यावरच्या गाडीला ती हवीच.

आणि एक, 215 ला घाबरू नका, निम्मं कूलंट निम्मं पाणी आणि 15 पौंड दाबाची रेडिएटर कॅप असेल तर उकळी 260 च्या पुढे येते. शिवाय बॉडी फायबरची आहे, तिच्यातून अर्थिंग मिळत नाही. लाइट लावल्यावर काटा वर सरकत असेल तर आधी डॅशबोर्डपासून चॅसीपर्यंत आणि इंजिनपासून चॅसीपर्यंत जाड अर्थ वायर टाका, निम्मे काटे तिथेच शहाणे होतात.

प्रश्न : जुनं फ्लॅटहेड (व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच असणारं) व्ही-एट, दोन स्ट्रॉमबर्ग 97 कार्बोरेटर. उन्हाळ्यात अर्धा तास चालून बंद पडते, तासाभराने आपोआप सुरू होते. — फिनिक्स, अ‍ॅरिझोना

सगळे तुम्हाला व्हेपर लॉक (पाइपात पेट्रोलची वाफ होऊन अडणं) सांगतील, मी आधी खात्री करा म्हणेन. बंद पडल्या पडल्या एअर क्लीनर काढा आणि अ‍ॅक्सिलरेटर ओढून कार्बोरेटरमध्ये बघा. पेट्रोलची पिचकारी आली तर पेट्रोल आहे आणि दोष करंटचा, गरम झाल्यावर दम सोडणारी कॉइल किंवा कंडेन्सर. पिचकारी नाही, तर पेट्रोल वाटेतच वाफ झालंय.

फ्लॅटहेडमध्ये जळका वायू ब्लॉकच्या आतूनच बाहेर जातो, म्हणून हे इंजिन मुळातच तापट, त्यात आताचं इथेनॉल घातलेलं पेट्रोल लवकर उकळतं. पाइप एक्झॉस्टपासून लांब न्या, कार्बोरेटरखाली उष्णता अडवणारा जाड स्पेसर टाका आणि टाकीजवळ छोटा इलेक्ट्रिक पंप बसवा, पण रेग्युलेटर लावून प्रेशर अडीच पीएसआयच्या आसपास ठेवा, 97 ची पेट्रोल अडवणारी सुई जास्त प्रेशर सोसत नाही, पेट्रोल वरून वाहायला लागतं आणि खाली गरम मॅनिफोल्ड! धडक झाल्यावर पंप बंद करणारा स्विच पण लावाच. पाइपला कपड्यांचे लाकडी चिमटे लावायचा जुना अमेरिकन उपाय आहे, फोटोत छान दिसतो, माझा विश्वास नाही.

प्रश्न : पुण्यात अशी गाडी बनवून रस्त्यावर आणता येईल का? — कोथरूड

अवघड आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 कंपनीच्या मूळ रचनेत असे बदल करू देत नाही, आणि 2021 च्या व्हिंटेज नियमांत 50 वर्षांवरची गाडी मूळ रूपातच लागते. म्हणजे दोन्ही दारं बंद. मूळ गाडी रिस्टोअर करा, ते सुख वेगळं.

प्रश्न : रात्रभर उभी राहिली की पहिल्यांदा ब्रेक दाबल्यावर पेडल खाली जातं, दुसऱ्यांदा एकदम टाइट. तीनदा एअर काढली. पुढे डिस्क, मागे ड्रम. — एडिसन, न्यू जर्सी

चौथ्यांदा काढू नका. मास्टर सिलेंडर (पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइल ढकलणारा) फ्लोअरखाली असणार, म्हणजे चाकावरच्या कॅलिपरपेक्षा खाली, मग ऑइल उतरून मागे येतं. डिस्कच्या लाइनला 2 पीएसआयचा आणि ड्रमच्या लाइनला 10 चा रेसिड्युअल व्हॉल्व्ह (लाइनमध्ये थोडा दाब राखणारा) लागतो. आधी मास्टर सिलेंडरमध्ये तो आतच आहे का बघा, आणि 10 वाला चुकून डिस्कला लावलात तर पॅड चिकटून राहतील आणि चाकं तापतील. त्याआधी फुकटचं काम, मागच्या ड्रमचे शू अ‍ॅडजस्ट करा, ते ढिले असले तरी हेच होतं. आणि प्लीज, बदल होईपर्यंत गाडी बाहेर काढू नका.

प्रश्न : मागे मोठे टायर टाकले, लुक भारी आला, पण आता 45 मैलांच्या स्पीडला खड्डा लागला की स्टेअरिंग थरथर कापतं. स्टेअरिंगचे धक्के शोषणारा डॅम्पर लावू? — सॅन होजे

डॅम्पर लावून रोग झाकला जाईल. मागची बाजू वर गेली म्हणजे पुढचा अ‍ॅक्सल पुढे झुकला आणि कॅस्टर (चाक ज्यावर वळतं त्या किंग पिनचा मागचा कल) कमी झाला, '32 चा व्हीलबेस 106 इंच, मागे 2 इंच उचललंत की साधारण 1 अंश गेला. या अ‍ॅक्सलला 5 ते 7 अंश लागतात, मोजून घ्या. टो-इन (चाकं पुढच्या बाजूला जितकी आत वळलेली ते) पाव इंचाच्याही निम्मं, म्हणजे 1/16 ते 1/8 ठेवा, चाक जॅकवर घेऊन वर-खाली धरून हलवा, किंग पिनमध्ये प्ले असेल तर बुश बदला. चाकांचं बॅलन्सिंग तर हवंच. स्टेअरिंग बॉक्स क्रॉस पद्धतीचा (आडव्या दांड्याने पलीकडचं चाक वळवणारा) आणि स्प्रिंगचा पाटा आडवा असेल तर पॅनहार्ड रॉड (आडवं सरकणं रोखणारा दांडा) आहे का तेही बघा, नसेल तर अ‍ॅक्सल शॅकलवर (पाट्याच्या लोंबत्या कड्यांवर) डावी-उजवी झुलतो आणि तुम्ही हातही न लावता चाकं वळतात. एवढं करूनही बारीक थरथर उरली तर मग खुशाल डॅम्पर लावा.