एमआरआयसाठी दाखल झालात, की उपचारासाठी?

सातारा जिल्ह्यातील एका वाचकांचा प्रश्न असा: कंबरेतून डाव्या पायात कळ जात होती म्हणून खासगी रुग्णालयात दाखल झालो. तिथे मशीन नसल्याने बाहेरच्या सेंटरवर मणक्याचा एमआरआय काढला. तिसऱ्या दिवशी घरी सोडले. बिल ५८,००० रुपये, त्यात एमआरआयचे ७,५००. ‘केवळ तपासणीसाठी दाखल’ असे कारण देऊन विमा कंपनीने सगळाच दावा नाकारला. ते पत्र येऊन चौदा महिने झाले. कस्टमर केअरला अनेकदा फोन केले. आता काय करावे?

हप्ते वेळेवर भरले, पॉलिसी चौथ्या वर्षात आहे, हे तुम्ही दोन पाने भरून लिहिले आहे. त्याबद्दल कंपनीचाही वाद नाही. तुमचे सगळे प्रकरण वगळणी क्रमांक ०४ वर उभे आहे. हे कलम आयआरडीएआयने, म्हणजे विमा नियामकाने, ठरवून दिलेले असल्याने कोणत्याही कंपनीच्या पॉलिसीत ते जवळपास त्याच शब्दांत सापडते. त्याची वाक्ये दोन. पहिले: मुख्यतः तपासणी व निदानासाठीच दाखल झाला असाल, तर तो खर्च मिळणार नाही. दुसरे: ज्या तपासण्यांचा चालू निदानाशी व उपचाराशी संबंध नाही, त्यांचाही खर्च मिळणार नाही. म्हणजे रुग्णालयात असताना एमआरआय झाला एवढ्याने दावा बुडत नाही. एमआरआयशिवाय दुसरे काहीच झाले नसेल, तर बुडतो.

तुम्ही जोडलेल्या डिस्चार्ज कार्डाची पहिली ओळ ‘कंबरदुखीच्या तपासणीसाठी दाखल’ अशी आहे. टीपीएच्या, म्हणजे कंपनीच्या वतीने दावे तपासणाऱ्या संस्थेच्या, माणसाने तेवढीच वाचली असावी. पण खाली, औषधांच्या यादीच्या वर, लिहिले आहे की दुसऱ्या दिवशी सी-आर्म या एक्स-रे यंत्राखाली डाव्या एल-५ नसेच्या मुळाशी इंजेक्शन दिले. म्हणजे नर्व्ह रूट ब्लॉक. तो ऑपरेशन थिएटरमध्ये, संमतीपत्र घेऊन देतात आणि तो उपचारच आहे. तुमच्या दोन पानांत या इंजेक्शनचा उल्लेख नाही. कंपनीला फोनवरही ते सांगितले नसणार. जिच्यावर दावा तरतो ती एकच गोष्ट तुम्ही चौदा महिने फाईलमध्ये ठेवलीत.

आता रुग्णालयाकडे लेखी अर्ज करून संपूर्ण इनडोअर केस पेपर मागा. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या विनियमांनुसार रुग्णाने मागितल्यापासून ७२ तासांत नोंदी द्याव्या लागतात. मात्र नोंदी जपण्याची सक्ती तीनच वर्षांची आहे, म्हणून हे काम आजच करा. हवे ते असे: नर्सिंग चार्ट, औषधांचा चार्ट, संमतीपत्र, ब्लॉकची प्रोसिजर नोट, बाहेरच्या सेंटरला दिलेली एमआरआयची चिठ्ठी आणि दाखल झाल्याची व सोडल्याची वेळ. दाव्यासाठी सलग २४ तास दाखल असण्याची अट त्या वेळांवरूनच मोजतात.

एक बारीक गोष्ट. एमआरआयच्या अहवालात एल-४ आणि एल-५ या मणक्यांमधली गादी सरकल्याचे लिहिले आहे, तर इंजेक्शन एल-५ च्या मुळाशी दिले आहे. वैद्यकीयदृष्ट्या ते बरोबर आहे, कारण तिथली गादी सरकली की सहसा खाली जाणारी एल-५ ची नसच दबते. पण कारकून दोन वेगळे आकडे पाहून ‘तपासणीचा उपचाराशी संबंध नाही’ असा शेरा मारायला मोकळा. डॉक्टरांकडून हा संबंध एका ओळीत लिहून घ्या. ते प्रमाणपत्र आजच्या तारखेचे हवे. जुन्या डिस्चार्ज कार्डात खाडाखोड करून घ्यायची नाही. तसे सुचवणारे नातेवाईक भेटतील. बनावट कागद दिला असे ठरले, तर दाव्यासोबत पॉलिसीही जाते.

कागद हाती आले की कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा, ईमेलने, पोच ठेवून. फोन म्हणजे तक्रार नव्हे. विमा लोकपालांकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारींवर निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाण्याआधी कंपनीकडे लेखी तक्रार व्हावी लागते. ती फेटाळली गेली किंवा महिनाभर उत्तर आले नाही, की तिथून लोकपालांकडे जायला एक वर्ष मिळते. तुम्ही अजून लेखी काही दिलेलेच नसल्याने, माझ्या वाचनाप्रमाणे, ते वर्ष सुरूच झालेले नाही. कंपनी उशिराचा मुद्दा काढेलच. लोकपालांना विलंब माफ करता येतो, पण करतीलच अशी खात्री मी देणार नाही. साताऱ्यासाठी पुण्याचे कार्यालय. फी नाही आणि वकीलही चालत नाही, तेव्हा तुमचे तुम्हालाच बोलायचे आहे. इंजेक्शनपासून सुरुवात करा.

ग्राहक आयोगाची मुदत वेगळी: कारण घडल्यापासून दोन वर्षे. ती दावा नाकारल्याच्या पत्रापासून चालू आहे असेच धरा. फोन, ईमेल, लोकपालांकडची तक्रार यांनी ती थांबते असे गृहीत धरू नका. तुमच्याकडे दहा महिने उरले आहेत. आधी लोकपाल, कारण तोच विषय आयोगात गेला की लोकपाल तो घेत नाहीत. आयोगाने तीन महिन्यांत निकाल द्यावा असे कायद्यात आहे. प्रत्यक्षात त्या तीन महिन्यांत नोटीस बजावली आणि उत्तर दाखल झाले तरी बरे म्हणायचे.

केस पेपरवर ‘पाच वर्षांपासून कंबरदुखी’ असे लिहिलेले निघाले, तर कंपनी आधीपासूनच्या आजाराचा मुद्दा आणेल. नाकारल्याच्या पत्रात तो नाही, आणि पत्रात नसलेले कारण कंपनीला नंतर पुढे करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सौराष्ट्र केमिकल्सच्या २०१९ च्या निकालात म्हटले आहे. तरी ती नोंद मला आधी पाहू द्या, मग पुढचे बोलू.

याच प्रश्नाची पत्रे पाठवणाऱ्या इतरांपैकी ज्यांच्या कार्डावर एमआरआय, विश्रांती आणि गोळ्या एवढेच आहे, त्यांना मी खटल्याचा सल्ला देणार नाही. ‘विमा आहे ना, एक रात्र दाखल व्हा’ असे सांगितले गेले, तर उपचार काय देणार हे दाखल होण्याआधी विचारा. उत्तर मिळाले नाही, तर एमआरआय बाहेरूनच काढा आणि पैसे स्वतः भरा. डॉक्टरांची चिठ्ठी, बिल, अहवाल आणि सीडी जपून ठेवा. पुढे त्याच दुखण्यासाठी खरोखर दाखल व्हावे लागले आणि तो दावा मंजूर झाला, तर दाखल होण्याआधीच्या ३० किंवा ६० दिवसांतला खर्च म्हणून हाच एमआरआय मागता येतो. तुमच्या पॉलिसीत किती दिवस आहेत ते वाचा.